अंतराळातल्या खोलीचं माप

बेळगावच्या खासबागेत आमच्या गल्लीत अजून लोक मला अडवून विचारतात, "काय आप्पा, वर प्लॉटचा भाव काय चाललाय?" मीही सांगतो, "कॉर्नरचा संपला, आतला एक शिल्लक हाय." चेष्टा चालायचीच. अंतराळात राहणाऱ्या माणसांच्या खोल्या मी बेळगावात, उद्यमबागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, प्लायवूड आणि सागवानात बांधल्या, हे ऐकून कुणालाही हसू येणार. पहिल्या दिवशी मलाही आलं होतं.

मूळचा मी पॅटर्न मेकर. बेळगावात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण हा दिवाळी अंक बाहेरगावीही जातो म्हणून सांगतो. लोखंडाचा पंप ओतायचा तर आधी तसाच लाकडाचा पंप करावा लागतो. तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा, लाकूड अलगद काढायचं आणि राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. तो लाकडाचा पंप करणारा मी. चाळीसहून जास्त वर्षं हेच केलं. माझा पंप थेंबभर पाणी उपसत नाही, पण तो चुकला तर पुढचे हजार पंप चुकतात. त्यामुळं आमच्या धंद्यात माणूस जरा ताठ होतो. मी जरा जास्तच झालो होतो.

ही अंतराळाची भानगड निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिली असताना माझ्याकडं आली. बेंगळुरूची एक खाजगी कंपनी (नाव लिहायची मला परवानगी नाही) पृथ्वीभोवती फिरणाऱ्या घराचा आराखडा करत होती. चार माणसं सहा-सहा महिने राहतील असं घर. खरं घर ॲल्युमिनियमचं व्हायचं, पण त्याआधी त्याच मापाचं लाकडी घर करून, आत माणसं ठेवून बघायचं होतं. कागदावर सगळंच बसतं. कोपर कुठं आपटणार ते कागद सांगत नाही.

ते लाकडी घर करून देणारा माणूस शोधत सुजाता माझ्या शेडमध्ये आली. वय पस्तिशीच्या आत-बाहेर, खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली, शिकून आर्किटेक्ट झालेली. घराचा आतला भाग आखायची जबाबदारी तिची. मी "मॅडम, बसा" म्हणून खुर्ची पुसून दिली. ती बसली नाही. टेबलावरचा एक पॅटर्न उचलून तिनं त्याच्या आतल्या कोपऱ्यातनं बोट फिरवलं.

"हा कोपरा गोल का केलाय आप्पा?"

"काटकोनी ठेवला तर धातू तिथंच तडकतो."

"माझ्या घरात माणूस तडकंल," ती म्हणाली. "वर वजन नसतंय. माणूस या भिंतीला जरा हात लावतो आणि त्या भिंतीवर जाऊन आपटतो. मला अख्ख्या घरात एक धारेचा कोपरा नको."

मॅडम तिथंच संपली. मी तिला नावानं हाक मारायला लागलो आणि काम त्याच दिवशी ठरलं.

पुढं दीड वर्ष तिनं मला शिकवलं. वर जमीन आणि छत असं काही नसतं. चारी भिंती वापरायच्या. पण माणसाच्या डोक्याला खाली-वर लागतंच, म्हणून एका बाजूला गडद रंग, दुसरीकडं फिका. उभं राहायचं म्हणजे दांडीखाली पाय अडकवायचे. झोपायचं म्हणजे भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरायचं. पंखा एक मिनिट बंद ठेवायचा नाही, कारण हवा आपणहून हलत नाही, सोडलेला श्वास नाकासमोरच साठून राहतो. हे ऐकलं त्या रात्री मी घरी पंख्याकडं जरा आदरानं बघितलं.

माझा फिटर बाळगोंडा चिकोडीकडचा, जैन घरातला. दिवस मावळल्यावर तो अन्नाला शिवत नाही. त्याला कळलं की हे घर दीड तासात पृथ्वीला फेरा मारणार आणि दिवसातनं सोळा वेळा सूर्य बुडणार. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून तो म्हणाला, "मग आमच्यासारख्यानं जेवायचं कधी हो ताई? घास तोंडात घालतोय तवर अंधार!" आम्ही हसलो. सुजाता हसली नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या आराखड्यात घरातले दिवे बदलले: सकाळी पांढरे, संध्याकाळी पिवळसर, म्हणजे बाहेर काहीही होवो, आत एकच दिवस आणि एकच मावळती. बाळगोंडाला तिनं फोन करून सांगितलं, "तुमची सोय केली बघा." तो आठवडाभर छाती काढून फिरत होता.

एकदा तिनं मला विचारलं, तुमचं लहानपण केवढ्या घरात गेलं? मी सांगितलं, निपाणीत, दहा बाय बाराची एक खोली आणि माणसं सहा. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली पानं. जमीन सगळी तिच्या कामाची, त्यामुळं बाकीचा संसार भिंतीवर. आमची दप्तरं, कपडे, अंथरुणं, सगळं खुंट्यांना. आणि आईचा एक कायदा होता. कुणी भिंतीकडं तोंड करून बसला की त्याला हाक मारायची नाही. वडील कारखान्यातनं भांडून आले की बसायचे तसे. मी नापास झालो तेव्हा दोन दिवस बसलो होतो. आई ताट बाजूला ठेवायची, पण बोलायची नाही.

सुजातानं हातातलं ड्रॉइंग माझ्यासमोर पसरलं. मग म्हणाली, "आप्पा, ह्येच मी कंपनीतल्या वरच्या लोकांना वर्षभर सांगालोय. चार माणसं, सहा महिने, बाहेर पडायला दार न्हाय. भिंतीकडं तोंड करून बसायला जागा पाहिजे का नको?"

तिची लढाई याच जागेसाठी होती. प्रत्येकाला एक झोपायची खोली. खोली म्हणजे काय, उभं कपाट. पण दार लावता येईल आणि आत शरीर कशालाही न टेकता राहील, असं. तिनं आतली उंची दोन हजार मिलिमीटर धरली होती. सामानाचा हिशेब बघणाऱ्यांचं म्हणणं, एकोणीसशे पुरे, वरच्या जागेत खोकी बसतील. तिचं म्हणणं, डोकं टेकंल. आणि रोज झोपेत डोकं टेकणारा माणूस तीन महिन्यांत दुसऱ्याचं डोकं फोडंल.

हा वाद कागदावर मिटणारा नव्हता. वजन नसलं की माणूस ताठ राहत नाही. गुडघे आपसूक वाकतात, हात पुढं तरंगतात. त्यात पाठीचा कणा सैल होऊन उंची वाढते, दोन इंचापर्यंत. म्हणून ठरलं की आप्पांच्या लाकडी घरात एकोणीसशेची खोली करायची आणि माणसं घालून बघायची. उंच माणसाच्या डोक्यावर बोटभर जागा राहिली तर एकोणीसशे पास. नाही राहिली तर सुजाताचे दोन हजार. वाढीव उंचीसाठी मी दोन इंच जाडीची लाकडी टोपी करून दिली, हनुवटीखाली पट्टा असलेली. ती घालून सगळेच विदूषक दिसायचे.

घर पूर्ण झालं तेव्हा सुजाता तपासणीचा फॉर्म घेऊन आली. त्यात एक रकाना होता: मापं प्रत्यक्ष तपासली. तिनं पिशवीतनं स्टीलचा टेप काढला. शेडमध्ये तेव्हा आमची चार माणसं होती, शिवाय शेजारच्या ओतकामाच्या फाउंड्रीतले दोघे हे अंतराळाचं घर बघायला मुद्दाम आलेले. त्यांच्यासमोर माझ्या कामाला टेप लागणार!

मी म्हणालो, "सुजाता, चाळीस वर्सांत माझ्या मापाला कुणी टेप लावला न्हाय. तुला लावायचा असंल तर खुशाल लाव. पण मग पुढचं काम दुसऱ्याकडनं करून घे."

हसत म्हणालो होतो. पण चेष्टा नव्हती, आणि ते तिलाही कळलं. टेपची पट्टी सर्रकन आत गेली. "तसं नव्हं हो आप्पा, फॉर्मात हाय म्हणून," ती म्हणाली आणि तिनं सही केली. मी सगळ्यांना चहा मागवला. फाउंड्रीतल्या दोघांनी माझ्याकडं काय बघितलं म्हणता! त्या नजरेवर मी चार दिवस जगलो.

चाचणीला चार जण आले. त्यातले एक कॉलेजात व्यायाम शिकवणारे सर, सव्वासहा फूट. त्यांना वाकलेल्या गुडघ्यांनी फळीला बांधून, टोपी घालून खोलीत बसवलं. टोपी आणि छत यांच्यात सुजातानं बोट घातलं. बोट गेलं. बरोब्बर बोटभर जागा. दहा दिवस माणसं खोल्या आडव्या करून आत झोपली, कुणाची तक्रार आली नाही. सर तर म्हणाले, घरापेक्षा इथं बरी झोप लागली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "तुमची खोली पास झाली, आप्पा."

"मग तुझा आवाज असा का?"

"मला वाटलं हुतं नापास हुईल." पुढं म्हणाली, "आकडे बोलले, आता मी काय बोलणार? माझंच चुकलं असणार."

मी तिची समजूत काढली. अगं, तू अभ्यास केलास, आता प्रयोगानं सांगितलं ते मानायचं. लई शहाण्यासारखं बोललो मी त्या दिवशी. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दोन महिन्यांनी त्या खोल्यांवर बसवायची खरी खोकी पुण्याहून आली. बसवायला गेलो तर दोन्ही बाजूंनी फट. मी पुण्याच्या माणसाला फोनवर असा झाडला म्हणता, "तुमच्याकडं मिलिमीटर बारका असतो काय हो?" तो बिचारा परत परत सांगत होता की साहेब, माप बरोबर आहे. मी फोन आपटला. मागं बघतो तर बाळगोंडा स्टीलचा टेप घेऊन खोलीत उकिडवा बसलेला.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "पट्टी कंची घेतली हुती?"

आता हे समजायला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. धातूचा रस थंड होताना आकसतो. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढाच मोठा करतात. दर वेळी हिशेब नको म्हणून आमच्या पट्ट्याच वेगळ्या असतात, मुळातच ताणून आखलेल्या. माझ्या भिंतीवर तीन पट्ट्या होत्या: एक साधी, एक बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर हजार मिलिमीटर लिहिलेलं असतं तिथं खरे हजार आणि वर तेरा असतात. ओतकामात तेच बरोबर. पण हे घर ओतायचं नव्हतं. आहे त्या मापाचं करायचं होतं, साध्या पट्टीनं.

ड्रॉइंगवर सगळ्यात वर लिहिलं होतं, साहित्य: ॲल्युमिनियम. माझ्या हातानं चाळीस वर्षांच्या सवयीनं ती पट्टी उचलली. मी बघितलंसुद्धा नाही. आणि सगळं घर एकाच पट्टीनं केल्यामुळं फळीला फळी चपखल बसली. कुठं काही चुकलंय असं घरानं सांगितलं नाही. सुताराच्या हातून ही चूक झाली नसती, त्याच्याकडं ती पट्टीच नसते. ती करायला माझ्यासारखा जाणकारच लागतो!

एकोणीसशेला पंचवीस मिलिमीटर. एक इंच. ती बोटभर जागा कुठनं आली ते मला तिथंच उमगलं.

बाळगोंडा म्हणाला, "फळ्या काढून रातोरात बारीक करूया. कुणाला कळतंय?" त्याचा हेतू वाईट नव्हता, तो माझं तोंड बघून बोलला. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आठ दिवस गप्प बसलो. स्वतःला सांगत होतो की सुजातासाठी गप्प आहे. मापं तपासली म्हणून सही तिची, बोललो तर आधी ती जाईल. हे खोटं नव्हतं. पण फाउंड्रीतल्या त्या दोघांचे चेहरेही डोळ्यांसमोर होते, हेही खरं.

नवव्या दिवशी मी एक खोली साध्या पट्टीनं नव्यानं केली आणि व्यायामाच्या सरांना चहाच्या निमित्तानं बोलावलं. फळीला बांधलं, टोपी घातली. टोपी छताला अडकली. सर हसत म्हणाले, "काय आप्पा, माझी उंची वाढली की काय?" मी त्यांना तसंच पाच मिनिटं थांबायला सांगितलं. दोन मिनिटांत त्यांचं हसू गेलं. तिसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, "सोडवा हो, मान आखडली." त्यांना पाच मिनिटं निघेनात, वर जाणाऱ्यानं सहा महिने काढायचे होते. दारात सरांच्या चपलांचा आवाज होता तेवढ्यात मी सुजाताला फोन लावला.

सगळं सांगून टाकलं. पट्टी, इंच, आठ दिवस. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"म्हंजे आप्पा," ती म्हणाली, "माझं बरोबर हुतं?"

"बरोबर हुतं, पोरी. पयल्यापास्नं."

ती हसली की रडली, मला कळलं नाही. मी म्हणालो, "पण तुझी सही हाय त्या कागदावर. मी सांगतो त्यांना, मीच तुला—"

"आप्पा, खरं तेवढं सांगा. माझ्यासाठी काय जुळवू नका. खोली दोन हजाराची झाली पायजे."

तिनं त्याच दिवशी स्वतःच्या नावानं कंपनीत वरती कळवलं. महिन्याभरात मला बेंगळुरूला बोलावलं. टेबलापलीकडं तीन अधिकारी, बाजूला टाइप करणारी एक मुलगी. सुजाता माझ्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. मी पट्टी बरोबर नेली होती. तीही दाखवली, चूकही कबूल केली. ते नीट ऐकत होते, मला मान देऊन बोलत होते. मग मधल्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, सही करण्याआधी मॅडमनी माप घेतलं होतं का? हो की नाही?

मी सुजाताकडं बघितलं. ती समोर बघत होती.

"इल्ल," मी म्हणालो. नाही. आणि लगेच पुढं कन्नडमध्येच म्हणालो, "त्या घेणार होत्या. मी घेऊ दिलं नाही."

साहेबांनी मान हलवली. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं पहिल्या 'नाही'वरच थांबली होती, पुढचं तिनं घेतलंच नव्हतं. मी परत सांगितलं. साहेब म्हणाले, "समजलं आप्पा, तुमच्यावर काही नाही. सही करणाऱ्यानं बघायचं असतं." नियमानं त्यांचं बरोबरच होतं. मला चहा दिला, परतीचं भाडं दिलं.

नवी चाचणी झाली आणि खोली दोन हजारांची ठरली. सुजाताला त्या कामावरनं काढून कागदपत्रांच्या विभागात बसवलं. वर्षभरानं तिनं नोकरी सोडली. आता ती हुबळीला दवाखान्यांच्या खोल्या आखते. रुग्ण भिंतीकडं वळला तर त्याच्या नजरेला काय पडेल, याचा विचार करते म्हणे. माझ्याशी बोलते, अगदी पहिल्यासारखी. तिला माझा राग यायला हवा होता. तो येत नाही, याचाच मला त्रास होतो. त्या खोलीच्या आराखड्यावर आता दुसऱ्याच कुणाची सही आहे.

अहवालाची प्रत मलाही आली होती. इंग्रजीत होती, म्हणून मुलाकडनं वाचून घेतली. चुकीमागचं कारण एका ओळीत दिलं होतं: तपासणी अधिकाऱ्यानं मापं प्रत्यक्ष तपासली नव्हती. माझ्याबद्दल लिहिलं होतं, अनुभवी कारागीर, स्वतःहून चूक निदर्शनास आणली. मुलानं ते मला दोनदा वाचून दाखवलं, अभिमानानं. मी त्याला सांगितलं, अजून एक वाक्य असंल, नीट बघ. त्यानं पहिल्यापासनं शेवटपर्यंत पानं उलटली. नव्हतं.

मागच्या महिन्यात मी सुजाताला फोन केला आणि सांगितलं, दिवाळी अंकात लिहितोय, ते वाक्य त्यात घालणार. ती म्हणाली, "कशाला आप्पा? या वयात बेळगावात तुमचं नाव जाईल." मी म्हणालो, जाऊ दे.

तर बेळगावकरांनो, आणि शेजारच्या फाउंड्रीतल्या तुम्ही दोघांनीही, वाचून ठेवा. तिनं टेप बाहेर काढला होता. मी मोजू दिलं नाही.